जुनें झूम भिंग आणि नवा कॅमेरा

छायाचित्रणाच्या कलेंत गेल्या दहा-बारा वर्षांपासून एक उलटा प्रवाह वाहूं लागलेला दिसतो. कॅमेरे दर वर्षीं अधिकाधिक बुद्धिमान् होत चालले आहेत. समोरच्या माणसाचा डोळा कोठें आहे हें ते स्वतः हुडकून काढतात, तो चालूं लागला तर त्याचा पाठलाग करतात, आणि घेणाऱ्याचा हात कांपला तर तो कंपही आपल्या पोटांत जिरवितात. नेमक्या ह्याच काळांत अशा कॅमेऱ्यांच्या तोंडावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींचें, विजेशीं व संगणकाशीं कसलाही संबंध नसलेलें, सर्वस्वीं हातानें फिरविण्याचें भिंग बसवून चित्रें काढण्याची आवड वाढीस लागली आहे. हौशी मंडळी असलीं भिंगें जुन्या बाजारांत शोधीत हिंडतात, आणि त्यांतून निघालेल्या चित्रांत जीव असतो, नव्या भिंगांचीं चित्रें निर्दोष पण थंड असतात, असें आग्रहानें सांगतात. हा वाद केवळ यंत्रांविषयीं असता तर वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत त्याला जागा मागण्याचें कारण नव्हतें. परंतु साधन जुनें व अवघड असलें म्हणजे कृति अधिक सजीव होते, हें मत कलेविषयींचें आहे. कवितेच्या प्रांतांत तें आपण पुष्कळदां ऐकलेलें आहे. म्हणून त्याची थोडी झडती घेणें टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें ठरूं नये.

चर्चेसाठीं मीं मुद्दाम झूम भिंग निवडलें आहे. ज्याचें नाभीय अंतर कमी-जास्त करतां येतें, आणि त्यामुळें जागचें न हलतां दृश्य जवळ ओढतां येतें किंवा दूर लोटतां येतें, तें झूम भिंग. चलच्चित्रासाठीं असलीं भिंगें आधींपासून वापरांत होतीं. परंतु ३५ मिलिमीटर फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यासाठीं पहिलें झूम भिंग १९५९ मध्यें जर्मनीच्या फोइग्टलेंडर कंपनीनें विक्रीस आणलें. फ्रँक बॅक यानें आंखलेल्या त्या भिंगाचें नांव 'झूमार' असें होतें, आणि त्याचें नाभीय अंतर ३६ पासून ८२ मिलिमीटरपर्यंत बदलत असे. पुढें १९६३ मध्यें जपानच्या निकॉन कंपनीचें ४३ ते ८६ मिलिमीटरचें भिंग आलें व लहान आणि सुटसुटीत म्हणून पुष्कळ खपलें. त्या काळच्या जाणत्या मंडळींना ह्या भिंगांविषयीं फारसा आदर नव्हता. दोन पावलें पुढें जाण्याचा ज्याला कंटाळा, त्याचें हें साधन, अशी त्यांची समजूत होती. स्थिर नाभीय अंतराचें भिंग घ्यावें, पायांनीं जागा शोधावी व डोळ्यांनीं चौकट ठरवावी, हा त्यांचा शिरस्ता. म्हणजे आज जें भिंग संयमाचें व तपश्चर्येचें चिन्ह म्हणून मिरविलें जातें, तें आपल्या जन्मकाळीं चैनीचें चिन्ह होतें. भिंगाची एकही कांच मध्यंतरीं बदललेली नाहीं. भोंवतालचीं यंत्रें बदललीं, आणि कालचा आळशी आजचा तपस्वी ठरला. अवघडपणा हा वस्तूच्या अंगचा गुण मानून त्यावर कलेची थोरवी उभारणाऱ्यांनीं ह्या एका गोष्टीचा तरी विचार करावा.

एक ठराविक भिंग डोळ्यांपुढें ठेवलें म्हणजे बोलणें हवेंत राहणार नाहीं. निकॉननें १९७९ मध्यें नवशिक्यांसाठीं 'ईएम्' नांवाचा लहानसा, स्वस्त कॅमेरा काढला व त्याच्या जोडीला 'सीरीज ई' ह्या नांवाची हलक्या किंमतीच्या भिंगांची मालिका सुरू केली. ह्या भिंगांना कंपनीचें आडनांव मिळालें. उत्तम भिंगांना दिला जाणारा 'निक्कोर' हा किताब मात्र मिळाला नाहीं. १९८० मध्यें ह्याच मालिकेंत ७५ ते १५० मिलिमीटरचें, एफ ३.५ छिद्राचें एक झूम भिंग आलें. नऊ गटांत बसविलेल्या बारा कांचा, अर्ध्या किलोच्या आसपास वजन, आणि ७५ वर जेवढें तेवढेंच १५० वरही कायम राहणारें छिद्र. कनिष्ठ शाखेंत जन्मलेलें हें मूल असें निपजलें कीं व्यावसायिक छायाचित्रकारांनींही त्याला आपल्या पिशवींत जागा दिली. त्याच्यावर एकच रुंद कडें आहे. तें गोल फिरविलें कीं फोकस बदलतो, आणि पुढें-मागें सरकविलें कीं नाभीय अंतर बदलतें. डावा हात एकदां त्यावर ठेवला म्हणजे तो उचलण्याचें कारण पडत नाहीं. ह्या रचनेचा रोगही प्रसिद्ध आहे. वापरानें कडें सैल होतें, आणि भिंग खालीं-वर रोखलें कीं तें आपल्याच वजनानें घसरूं लागतें. चिकटपट्टीचा एखादा तुकडा लावून त्याला आवर घालावा लागतो.

असलें भिंग आजच्या कॅमेऱ्यावर बसतें तरी कसें? जुन्या कॅमेऱ्यांत भिंग आणि फिल्म यांच्यामध्यें एक तिरपा आरसा असे, व तो वर उचलला जाण्यास जागा लागे. म्हणून निकॉनच्या जुन्या पद्धतींत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवलेलें आहे. २००८ मध्यें पॅनासोनिकचा 'जी-१' निघाला व त्यानें आरसाच काढून टाकला. २०१३ मध्यें सोनीचा 'ए-७' आला. त्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असल्यामुळें जुन्या भिंगाचें संपूर्ण क्षेत्र त्यावर उमटूं लागलें. निकॉनच्या २०१८ पासूनच्या 'झेड' कॅमेऱ्यांत तर तें अंतर अवघें १६ मिलिमीटर आहे. मधले ३०.५ मिलिमीटर भरून काढण्यास धातूचें एक पोकळ वलय लावलें कीं काम झालें. त्याला ॲडॅप्टर म्हणतात. साध्या ॲडॅप्टरांत कांच नसते, तारा नसतात. असते ती फक्त मापून घेतलेली पोकळी.

ह्या पोकळीचें माप अचूक असणें झूम भिंगाला फारच आवश्यक आहे. चांगल्या जुन्या झूम भिंगाचा एक गुण असा कीं, फोकस एकदां साधला म्हणजे नाभीय अंतर बदललें तरी तो ढळत नाहीं. म्हणून वाकबगार माणूस प्रथम १५० वर जाऊन, दृश्य मोठें करून, फोकस साधतो आणि मग ७५ कडे येऊन चित्र घेतो. आतां बाजारांतले बरेचसे ॲडॅप्टर मुद्दाम केसभर पातळ केलेले असतात. अनंतावरच्या वस्तूचा फोकस हुकूं नये, हा त्यांतील हेतु. स्थिर भिंगाच्या मालकास त्याचें कांहीं वाटत नाहीं. तो कडें किंचित् अलीकडे थांबवितो. झूम भिंगाचा मात्र मुख्य गुणच त्यामुळें नाहींसा होतो, आणि १५० वर साधलेला फोकस ७५ वर येतां येतां निसटतो. चित्र थोडें मऊ येतें. मौज अशी कीं, कित्येक रसिक ह्या मऊपणाला 'जुन्या भिंगाचा स्वभाव' म्हणतात व त्याचें कौतुक करतात! बिचाऱ्या भिंगाला हा स्वभाव त्याच्या जन्मदात्यानें दिलेला नसतो. तो ॲडॅप्टरच्या कारखानदारानें दिलेला असतो. संहितेंतील लेखनिकाचे प्रमाद हेच कवीचे आर्ष प्रयोग समजून त्यांवर टीपा लिहिणारे पंडित आपल्याकडेही होऊन गेले आहेत.

दुसरी एक अडचण याहून चमत्कारिक आहे. कॅमेऱ्याच्या पोटांतील कंपनिवारक यंत्रणेला भिंगाचें नाभीय अंतर ठाऊक असावें लागतें. नवें भिंग तें विजेच्या संपर्कांतून क्षणोक्षणीं कळवितें. जुनें भिंग मुकें. त्याचा आंकडा छायाचित्रकारानें स्वतः भरावयाचा. स्थिर भिंगाला एकच आंकडा असतो व प्रश्न मिटतो. झूम भिंगाचा कोणता भरावा? १५० भरून ७५ वर चित्र घेतलें तर यंत्रणा गरजेहून अधिक भरपाई करते, आणि स्थिर हातानें धरलेलें चित्रही तीच हलविते. ७५ भरला तर १५० वर भरपाई अपुरी पडते. दोहोंत हा दुसरा दोष सौम्य आहे, म्हणून मी ७५ च भरून ठेवतों व १५० वर हात भिंतीला टेकतों.

ह्या तपशिलांत थोडा वेळ घालविला, कारण आत्मा, जीव, स्वभाव असे मोठे शब्द पुष्कळदां मिलिमीटरच्या हिशेबाच्या अज्ञानांतून जन्म घेतात. असो.

आतां मुख्य प्रश्न. जुन्या भिंगानें काढलेल्या चित्रांत खरोखर कांहीं वेगळें असतें काय? माझ्या मतें असतें. परंतु तें कांचेंत नसतें. गायनाच्या बैठकीचें उदाहरण घेऊं. तिसऱ्या-चौथ्या रांगेंतून चित्रें घेण्यास ७५ ते १५० हा पल्ला अगदीं सोयीचा. समोर गायक, त्याच्या मागें अंधारांत तंबोऱ्यावर बसलेला शिष्य. नवा कॅमेरा गायकाचा डोळा पकडतो आणि तेथें हटून बसतो. चित्र स्वच्छ, स्पष्ट, आणि वर्तमानपत्रांत छापण्याजोगें येतें. परंतु समजा, त्या क्षणीं बैठकीचें मर्म गायकाच्या मुद्रेंत नसून मागच्या शिष्याच्या गुरूकडे लागलेल्या नजरेंत आहे. कोणी म्हणेल, नव्या कॅमेऱ्यालाही हें सांगतां येतें. बिंदु हलवावा, शिष्याचा चेहरा निवडावा. येतें, यांत शंका नाहीं. परंतु तें सांगावें लागतें, आणि न सांगितलें तरी चित्र निघतेंच. जुन्या भिंगांत कांहीं न सांगितलें तर चित्रच निघत नाहीं. कडें ज्या स्थितींत पडलें असेल त्या स्थितींत सर्व दृश्य धूसर दिसतें, आणि 'येथें' असें म्हणण्याचें काम हाताला करावेंच लागतें. गायकाचा चेहरा स्पष्ट करावयाचा असला तरी तोही निवडावाच लागतो. ज्या गोष्टीला कांहीं गृहीत उत्तर आहे व ज्या गोष्टीला नाहीं, त्या दोहोंतला हा फरक आहे. पहिल्यांत माणूस निवड करूं शकतो; दुसऱ्यांत त्याला ती टाळतां येत नाहीं.

झूम भिंगांत हा फरक दुणावतो. एकाच कड्यावर एकाच हातानें दोन निर्णय घ्यावयाचे असतात: किती घ्यावें, आणि त्यांतलें काय स्पष्ट करावें. तरबेज हातांत हे दोन्ही एकाच हालचालींत मिसळतात. कडें मागें येतां येतांच थोडें वळतें. छिद्रही हातानें लहान करावें लागतें, आणि साध्या ॲडॅप्टरांतून तें लहान केलें कीं त्याच क्षणीं लहान होतें. जुन्या कॅमेऱ्यांत अशा वेळीं नेत्रिकेंत अंधार होई. आजच्या कॅमेऱ्याची विजेवर चालणारी नेत्रिका प्रकाश आपोआप वाढवून दाखविते. त्यामुळें कोठून कोठपर्यंत दृश्य स्पष्ट आहे हें चित्र घेण्यापूर्वींच दिसतें. म्हणजे १९८० सालच्या भिंगाला १९८० सालच्या धन्यानें जें सुख दिलें नाहीं तें आजच्या धन्यानें दिलें आहे. केवळ प्राचीनतेच्या भक्तांनीं हें ध्यानांत ठेवावें.

ह्या सुखालाही एक कांटा आहे. फोकस साधण्यास नवा कॅमेरा दोन मदती देतो. स्पष्ट कडांभोंवतीं तो रंगीत रेषा उमटवितो, किंवा दृश्याचा एक तुकडा मोठा करून दाखवितो. रंगीत रेषा उदार मनाच्या परीक्षकासारख्या असतात. नाक आणि डोळा दोघांनाही उत्तीर्ण करतात, आणि मागाहून पाहावें तों नाकच काय तें पास झालेलें असतें. तुकडा मोठा केला तर फोकस अचूक साधतो, पण तेवढा वेळ उरलेली चौकट दिसत नाहीं. पुन्हा २४ दशलक्ष बिंदूंचा सेन्सर हा फिल्मपेक्षां फार कडक न्यायाधीश आहे. त्याच्या ३६ मिलिमीटर रुंदींत ६००० बिंदु, म्हणजे दर मिलिमीटरांत सुमारें १६७ बिंदु बसतात. पोस्टकार्डाएवढ्या छापील चित्रांत जी चूक पूर्वीं कोणाच्या बापाला दिसली नसती, ती आज पडद्यावर मोठी होऊन समोर उभी राहते.

येथें दोषांच्या पूजेविषयीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. जुन्या भिंगांत दोष असतात. उजेडाकडे तोंड केलें तर चित्रावर दुधट पडदा पसरतो. काळ्या-पांढऱ्या सीमेवर जांभळी किनार येते. निकॉनच्या त्या ४३ ते ८६ च्या भिंगांत तर सरळ रेषा एका टोकास बाहेर फुगतात व दुसऱ्या टोकास आंत दबतात. देवळाचा दगडी खांब त्यांतून पाहिला तर धनुष्यासारखा वांकतो. वांकलेल्या खांबांत काव्य नाहीं. मऊपणांत कला आहे काय, हा वादही नवा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्राला चित्रकलेच्या पंक्तीस बसविण्यासाठीं मुद्दाम धूसर चित्रें काढणारा एक पंथ युरोप-अमेरिकेंत होता, आणि १९३२ मध्यें कॅलिफोर्नियांतील 'एफ ६४' ह्या मंडळानें त्याविरुद्ध तीक्ष्णतेचें निशाण उभारलें. अँसल ॲडम्स व एडवर्ड वेस्टन हे त्या मंडळांत होते. दोन्ही पंथांनीं चांगलीं चित्रें दिलीं, दोन्हींनीं कंटाळवाणींही दिलीं. धूसरपणानें किंवा तीक्ष्णतेनें कोणाला तारलें नाहीं. मोरोपंतांच्या यमकांची गोष्ट अशीच. यमक साधणें अवघड, म्हणून प्रत्येक यमक रसाळ, असें त्यांचा कट्टर भक्तही म्हणणार नाहीं. परंतु यमक शोधतां शोधतां पंतांना जो शब्द सांपडला तो कधीं कधीं सहजासहजीं सुचला नसता, हेंही तितकेंच खरें. दुधट पडद्याचेंही तसेंच आहे. तो येणार हें जाणून, त्याच्यासाठीं दिव्यासमोर जागा घेऊन, ज्यानें तो चित्रांत आणला त्याच्याशीं टीकाकाराला बोलतां येतें. ज्याच्या चित्रांत तो आपोआप पडला व मागाहून ज्यानें त्याला 'जुनेपणाची लज्जत' असें नांव दिलें, त्याच्याशीं काय बोलावें?

मात्र दोषांच्या बाबतींत नव्या भिंगांची बाजूही वाटते तितकी निर्मळ नाहीं. आजच्या कित्येक भिंगांत रेषांचा वांकडेपणा कांचेंत पुरता सुधारलेलाच नसतो. तो सुधारण्याचें काम कॅमेऱ्यांतील संगणकावर सोंपविलेलें असतें, आणि नेत्रिकेंत दिसणारें दृश्यही आधींच सुधारून दाखविलें जातें. ह्यानें भिंग लहान, हलकें व स्वस्त होतें. त्यांत अप्रामाणिकपणा आहे असें मी म्हणत नाहीं. पण लेखकाला आपल्या हस्तलिखिताऐवजीं पहिल्यापासून मुद्रितशोधकानें दुरुस्त केलेली प्रतच पाहण्यास मिळावी, तशांतला हा प्रकार आहे. आपलें शुद्धलेखन कसें आहे हें त्याला कधींच कळणार नाहीं. जुनें भिंग ॲडॅप्टरमागें मुकें बसल्यामुळें कॅमेऱ्याला त्याचे दोष ठाऊक नसतात व तो ते झांकीत नाहीं. खांब वांकला तर नेत्रिकेंतच वांकलेला दिसतो. छायाचित्रकारानें जागा बदलावी, पल्ला बदलावा, किंवा खांब सोडून द्यावा. ७५ ते १५० च्या भिंगाची थोरवी मला वाटते ती येथें. त्याचे दोष थोडे आहेत, ते ठराविक आहेत, आणि महिन्या-दोन महिन्यांच्या सहवासानें ते पाठ होतात.

ह्या सर्वांची किंमत द्यावी लागते. धांवणारें मूल, उडणारा पक्षी, गर्दींतून अंगावर येणारी मिरवणूक ह्यांच्यासाठीं हें साधन नव्हे. मिनोल्टाच्या '७०००' ह्या कॅमेऱ्यानें १९८५ मध्यें स्वयंचलित फोकस लोकप्रिय केला तो छायाचित्रकार आळशी झाले म्हणून नव्हे. त्या साधनानें खरोखर नवीं चित्रें शक्य केलीं म्हणून. बातमीदारानें हातानें कडें फिरवीत बसणें हा हट्टीपणा होईल. वसून राहिलेला, वाट पाहणारा, पुन्हा पुन्हा त्याच मुद्रेकडे परतणारा विषय असेल तरच हें भिंग आपलें मोल देतें: गवई, शिंपी, परीक्षागृहांतले विद्यार्थी, खिडकींत वाचीत बसलेली वृद्धा.

घेऊं इच्छिणाऱ्यानें आपल्या हवेचा विचार करावा. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत वर्षानुवर्षें कपाटांत पडलेल्या भिंगाच्या आंतल्या कांचांवर बुरशीचें कोळ्याच्या जाळ्यासारखें नाजूक जाळें धरतें. पुढें-मागें सरकणाऱ्या कड्याचें भिंग भात्यासारखी हवा ओढतें व तिच्याबरोबर धूळही. मुंबईंत फोर्टातल्या बोरा बाजारांत किंवा अन्यत्र कोठेंही असें भिंग पाहतांना छिद्र पूर्ण उघडावें, मागून उजेड धरावा, आणि दुकानदाराच्या वर्णनापेक्षां कांचेकडे अधिक लक्ष द्यावें.

अलीकडे पुष्कळ छायाचित्रांखालीं भिंगाचें नांव व साल लिहिलेलें आढळतें, आणि पाहणारे चित्राआधीं तीच ओळ वाचतात. चित्राच्या संगणकीय नोंदींत मात्र त्याचें नांव आपोआप उतरत नाहीं. नाभीय अंतराच्या रकान्यांत शून्य असतें, नाहींतर हातानें भरलेला तोच एक आंकडा, चित्र ७५ वर घेतलेलें असो कीं १५० वर. पंडित कवींच्या जुन्या आवृत्त्यांतही श्लोकाच्या डोक्यावर 'शार्दूलविक्रीडित' किंवा 'पृथ्वी' असें छापीत. म्हणणाऱ्याला चाल धरण्यास त्याचा उपयोग होई. श्लोक कसा आहे हें ठरविण्यासाठीं तो शब्द छापलेला नसे.